फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकच्या पुढील डिफरन्शियलची झीज व बिघाड

फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकच्या ट्रान्सफर केसमधून, म्हणजे गियरबॉक्सची शक्ती पुढे व मागे धाडणाऱ्या पेटीतून, पुढे निघालेली शक्ती पुढच्या दोन चाकांत वाटून देणारी गियरपेटी म्हणजे पुढील डिफरन्शियल होय. मागच्या डिफरन्शियलप्रमाणे याच्यातही शाफ्टच्या टोकाचा छोटा गियर म्हणजे पिनियन, त्याने फिरणारे मोठे क्राउन व्हील, क्राउनला जोडलेला पिंजरा, पिंजऱ्यातील छोटे गियर म्हणजे स्टार पिनियन आणि दोन्ही ॲक्सलांवर बसणारे बाजूचे गियर असे भाग असतात. भाग तेच असले तरी त्यांचे आयुष्य वेगळे जाते. मागचे डिफरन्शियल रोज राबते आणि हळूहळू, बहुधा कुरकुर करत, म्हातारे होते. पुढचे महिनोन्महिने बिनकामाचे गाडीखाली टांगलेले राहते आणि मग एखाद्या दिवशी चिखलात, खड्या चढावर किंवा नदीपात्रात त्याच्याकडून एकदम पूर्ण ताकदीचे काम मागितले जाते. त्यामुळे गाडीने कापलेल्या किलोमीटरांवरून त्याच्या झिजेचा अंदाज बांधणे फसवे ठरते. ते कोणत्या जमिनीवर वापरले, किती काळ पडून राहिले आणि त्यात पाणी गेले का, हे विचारल्यावरच खरे चित्र दिसते.

झिजेचे सर्वांत मोठे आणि टाळायला सर्वांत सोपे कारण म्हणजे कोरड्या, घट्ट रस्त्यावर फोर-व्हील लावून गाडी चालवणे. पार्ट-टाइम पद्धतीच्या, म्हणजे गरजेपुरते फोर-व्हील लावायच्या ट्रकमध्ये ट्रान्सफर केस पुढचा व मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांशी जखडून टाकते आणि दोहोंमध्ये मधले डिफरन्शियल नसते. वळताना मात्र पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलांतले अंतर, ३.५ मीटर असलेल्या ट्रकच्या मागच्या ॲक्सलचा मध्य ७ मीटर त्रिज्येने वळत असेल, तर पुढच्या ॲक्सलचा मध्य साधारण ७.८ मीटर त्रिज्येने वळतो, म्हणजे नुसते काटकोनात वळले तरी पुढचा ॲक्सल सुमारे १.३ मीटर जास्त चालतो. चाकाचा घेर २.४ मीटर आणि डिफरन्शियलचे गियर प्रमाण ४.१० (शाफ्टच्या ४.१० फेऱ्यांना चाकाचा एक) धरल्यास पुढच्या शाफ्टला मागच्यापेक्षा सव्वादोन फेरे जास्त हवे असतात, आणि ट्रान्सफर केस त्याला पाव फेराही जास्त घेऊ देत नाही. वाळूत, चिखलात किंवा बर्फावर टायर घसरून हा हिशेब मिटवतात. डांबरी रस्त्यावर टायर सहजी सुटत नाहीत, म्हणून सगळा पीळ शाफ्टांत, त्यांच्या सांध्यांतील क्रॉसमध्ये, क्राउन-पिनियनच्या दात्यांवर आणि बेअरिंगांवर साठत जातो. स्टिअरिंग जड होते, गाडी ब्रेक धरल्यासारखी अडखळते, आणि लिव्हर टू-व्हीलकडे ओढला तरी जागचा हलत नाही. गाडी थोडी सरळ मागे घेतली की खालून ‘खाड्’ असा आवाज येतो आणि पीळ सुटतो. तो आवाज बिघाडाचा नसला तरी तोवर दात्यांनी सोसलेला ताण खरा असतो.

पुढे आणि मागे वेगवेगळ्या मापाचे टायर असले तर हीच गोष्ट सरळ रस्त्यावरही घडते. पुढे झिजलेले आणि मागे नवे कोरे टायर असल्यास त्रिज्येत सहा-सात मिलिमीटरचा फरक सहज पडतो. तो दिसायला नगण्य असला तरी प्रत्येक फेऱ्याला भर घालत राहतो. मधले डिफरन्शियल असलेल्या फुल-टाइम, म्हणजे चारही चाके कायम ओढणाऱ्या रचनेत, ते लॉक केलेले नसेल तोवर, हा पीळ साठत नाही. मात्र टायरांतला फरक भरून काढण्यासाठी मधल्या डिफरन्शियलला अखंड फिरत राहावे लागते.

क्राउन-पिनियनचे दाते वक्र असतात आणि त्यांच्या दोन बाजू सारख्या ताकदीच्या नसतात. मागच्या ॲक्सलमध्ये गाडी पुढे जाताना दात्याची मजबूत बाजू भार घेते. तोच संच पुढच्या ॲक्सलमध्ये तोंड फिरवून बसवला, तर पुढे जाताना भार दुबळ्या बाजूवर येतो, जी बाजू एरवी ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी रोखण्यापुरतीच वापरली जायची. यावर उपाय म्हणून अनेक पुढच्या ॲक्सलांत दात्यांचा वळसा उलटा कापून पिनियन क्राउनच्या मध्याच्या वर बसवतात. त्यामुळे शाफ्टही जमिनीपासून उंच राहतो. अशा ॲक्सलला दुबळी बाजू मागे घेताना भेटते. चढावर अडकलेला ट्रक फोर-व्हील लावून, ॲक्सिलरेटर दाबून, झटक्याने रिव्हर्समध्ये काढणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

पिनियन क्राउनच्या मध्यावरून न जाता वर किंवा खाली सरकलेला असतो, त्या रचनेला हायपॉइड म्हणतात. पॅकार्ड कंपनीने ती १९२० च्या दशकात मोटारींत आणली. या रचनेत दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर लांबीच्या दिशेने घासतही जातात, म्हणून साधे गियर तेल त्यांना पुरत नाही. प्रचंड दाबाखालीही धातूवर टिकणारा थर धरण्यासाठी गंधक व फॉस्फरसची संयुगे मिसळलेले जीएल-५ दर्जाचे तेल त्यांना लागते. तेल कमी पडले तर दात्यांवर प्रथम घसटल्याच्या रेघा उठतात, मग जळाल्याची निळसर झाक येते.

एक चाक हवेत किंवा चिखलात सुटून गरागरा फिरू लागले आणि दुसरे थांबलेले असले, की फिरणारे चाक क्राउनच्या दुप्पट वेगाने फिरते. स्पीडोमीटर ताशी ४० किलोमीटर दाखवत असेल तर चाकाचा वेग ८० चा असतो. स्टार पिनियन त्यांच्या दांडीवर इतक्या वेगाने फिरण्यासाठी बनवलेलेच नसतात. सामान्य वळणात त्यांना जेमतेम फिरावे लागते. तेलाचा थर तुटतो, दांडी खरवडली जाते आणि कधी स्टार पिनियन तिच्यावर चिकटून बसतो. त्यातच फिरणाऱ्या चाकाला अचानक खडक लागून पकड मिळाली, तर दाता किंवा ॲक्सलचा जॉइंट एका क्षणात जातो.

पाणी मात्र आवाज न करता शिरते. लांबचा रस्ता कापून आलेल्या ट्रकचे डिफरन्शियल हाताला चटका देण्याइतके तापलेले असते. ते थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि पोकळी भरून काढायला बाहेरून काहीतरी ओढून घेते. ब्रीदर, म्हणजे हवा येण्या-जाण्याचे भोक, मोकळा असेल आणि त्याची नळी इंजिनाच्या उंचीपर्यंत नेलेली असेल, तर हवा आत येते. ब्रीदर मातीने बुजलेला असेल, तर ऑइल सीलच्या ओठाखालून पाणी येते, कारण सील आतले तेल बाहेर पडू नये म्हणून बसवलेले असते, बाहेरचे पाणी अडवण्यात ते कच्चे असते. पुढे तेल आणि पाणी घुसळून दुधाळ, कॉफीच्या रंगाचे मिश्रण होते, आणि ट्रक उभा राहिला की पाणी तळाशी उतरून बेअरिंगच्या रोलरांवर गंज धरते. म्हणून चाकांच्या मध्यापर्यंत पाण्यात गेलेल्या गाडीचे तेल त्याच आठवड्यात उघडून पाहावे, ठरलेल्या किलोमीटरांची वाट पाहू नये. ड्रेन प्लगच्या, म्हणजे तेल काढायच्या बुचाच्या, चुंबकावरील करडा, मऊ लेप नेहमीचाच. बोटांना टोचणारी चकती किंवा कपचा मात्र तुटलेल्या दात्याचा किंवा बेअरिंगचा असतो.

नुसते पडून राहणेही निर्धोक नसते. क्राउन फिरल्याशिवाय तेल वर उडत नाही, त्यामुळे वरची बेअरिंगे कोरडी पडतात आणि सीलचा रबर कडक होतो. हे टाळण्यासाठी महिन्यातून एकदा सुमारे १६ किलोमीटर फोर-व्हीलमध्ये चालवावे, अशी सूचना काही ट्रकांच्या पुस्तिकांत असते. अर्थात ते अंतर कच्च्या रस्त्यावर काढायचे. बिनकामाचे फिरणे टाळण्यासाठी पुढची चाके शाफ्टपासून पूर्ण सोडवणारे, चाकाच्या मध्यावर बसणारे, हाताने फिरवायचे हब आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये जीपांसाठी बाजारात आणले. पुढे बऱ्याच ट्रकांत हबऐवजी एकाच बाजूचा ॲक्सल मध्ये तोडणारी रचना आली, जिच्यात निर्वाताने किंवा विजेच्या मोटरने एक फोर्क दोन तुकडे जोडणारी कॉलर सरकवतो. तिची गंमत अशी की, क्राउन थांबलेला असला तरी जोडलेले चाक आपल्या बाजूचा गियर फिरवतच राहते, आणि स्टार पिनियन दुसऱ्या बाजूचा गियर उलट फिरवत दिवसभर पळतात. फोर्क झिजला, निर्वाताची नळी फाटली किंवा मोटरच्या जोडणीत पाणी गेले, की डॅशबोर्डवरचा फोर-व्हीलचा दिवा लुकलुकत राहतो आणि ओढ पुढे पोचत नाही. अशा वेळी डिफरन्शियल खोलण्याआधी नळी आणि वायर पाहावी.

आवाजावरून निदान करताना घाई नडते. पुढून येणारा हुंकार कित्येकदा चाकाच्या बेअरिंगचा किंवा असमान झिजलेल्या टायरचा निघतो. स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे वळवल्यावर तो बदलला, तर संशय आधी चाकाच्या बेअरिंगवर घ्यावा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढणारी आणि सोडल्यावर बदलणारी शिटी क्राउन-पिनियनची असते. तुटलेला दाता ठेक्याने बोलतो: क्राउनचा असेल तर सरळ रस्त्यावर चाकाच्या एका फेऱ्याला एकदा ‘टक्’, आणि पिनियनचा असेल तर शाफ्टच्या फेऱ्याला, म्हणजे ४.१० प्रमाणात चाकाच्या प्रत्येक फेऱ्यामागे चार वेळा. फक्त वळतानाच येणारी कटकट बहुधा बाहेरच्या सीव्ही जॉइंटची, म्हणजे वळलेल्या चाकालाही ओढ पोचवणाऱ्या सांध्याची असते.

दुरुस्तीत क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलतात, कारण कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. दात्यांमधला मोकळा खेळ बहुधा ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर ठेवतात. तो शिम, म्हणजे पातळ चकत्या, बदलून आणता येतो, पण तेवढ्याने काम संपत नाही. दात्यांना पिवळी पेस्ट लावून क्राउन फिरवल्यावर ठसा दात्याच्या मधोमध उमटला पाहिजे. तो टोकाला किंवा मुळाशी गेला तर पिनियन पुन्हा काढून त्याची खोली बदलावी लागते. नव्या जोडीचे प्रमाण मागच्या ॲक्सलशी जुळते ना, हे दाते मोजून पाहावे. दाता तुटलेला असेल तर ॲक्सलच्या दोन्ही नळ्या आतून धुऊन काढाव्या लागतात, कारण पोलादाचे बारीक कण तेलाबरोबर तिथपर्यंत गेलेले असतात आणि राहिले तर पहिल्याच प्रवासात नव्या बेअरिंगांत उतरतात.