सेकिरोमधला ब्लॉक आणि डिफ्लेक्ट: बटण एक असलं तरी गोष्टी दोन आहेत

सेकिरो या तलवारबाजीच्या व्हिडिओ गेममध्ये कुणी अडकलं की त्याला हमखास मिळणारं उत्तर म्हणजे "एल१ (प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवरचं बचावाचं बटण) दाबत राहा रे, होईल". हे वाचून वाचून मला खरंच वीट आलाय, कारण उत्तर देणारा ब्लॉकबद्दल बोलतोय की डिफ्लेक्टबद्दल हे बऱ्याचदा त्याचं त्यालाच माहीत नसतं. बटण एकच म्हणून लोक दोन्ही एकच समजतात, नाहीतर डिफ्लेक्ट म्हणजे जरा भारीतला ब्लॉक असं डोक्यात धरून बसतात आणि तिथूनच सगळं बिघडत जातं. २०१९ मध्ये गेम आला तेव्हापासून हेच चाललंय. नवीन माणूस गेनिचिरो नावाच्या बॉसकडून (मोठ्या शत्रूकडून) मार खातो, वैतागून गेम सोडून देतो, आणि आपलं नेमकं काय चुकत होतं हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

ब्लॉकवर फार वेळ घालवत नाही, तो सगळ्यांना येतो. एल१ धरून ठेवायचं (एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर एलबी, माऊसवर उजवं क्लिक), साधा वार तलवारीवर झेलला जातो, व्हायटॅलिटी (म्हणजे जीव) जात नाही, पण तुमचा पोश्चरचा (म्हणजे तोलाचा) बार भरतो. ब्लॉक करता करता तो बार पूर्ण भरला की तुमचा तोल जातो आणि समोरच्याला मोकळं रान मिळतं.

डिफ्लेक्ट म्हणजे तेच बटण, पण वार लागायच्या अगदी आधी दाबलेलं. त्याने तुमचा बार कमी भरतो आणि समोरच्याचाही भरतो. इथपर्यंत गेम स्वतःच शिकवतो, सगळ्यांना पाठ असतं. गोंधळ याच्या पुढे आहे.

गेम काय बघतो, तर बटण धरलंय का हे नाही, बटण खाली कधी गेलं हे. बटण खाली गेलं की त्या क्षणापासून साधारण ०.२ सेकंदांची विंडो (म्हणजे डिफ्लेक्टची मुदत) सुरू होते. वार त्या विंडोत आला तर डिफ्लेक्ट, विंडो संपली आणि बोट अजून बटणावरच आहे तर ब्लॉक, आणि बोट उचललेलं असेल तर वार अंगावर. एवढं एक वाक्य नीट समजलं तर सेकिरोतली अर्धी भांडणं मिटतील. म्हणजे बटण धरून ठेवलेल्या माणसाला विंडो संपल्यावर आलेल्या दुसऱ्या वारावर डिफ्लेक्ट मिळणं शक्यच नाही, कितीही नशीब असलं तरी नाही, कारण दुसऱ्या वारासाठी बटण नव्याने खाली गेलेलंच नाही. समोरचा पाच वारांचा कॉम्बो मारत असेल तर पाच वेळा दाबावं लागतं आणि त्यासाठी मध्ये चार वेळा सोडावं लागतं. लोक दाबण्याच्या टायमिंगवर तासन्तास घालवतात आणि सोडण्याकडे कुणी बघतच नाही, पण अडकलेल्या माणसाचा हात बघा, तो पहिला वार छान डिफ्लेक्ट करतो आणि मग घाबरून बटण धरून बसतो, बाकीचे चार वार ब्लॉकवर जातात, बार भरतो, तोल जातो आणि मग म्हणतो डिफ्लेक्ट करूनही मेलो.

दुसरी गोष्ट याच्यातूनच निघते आणि ती याहून जास्त महत्त्वाची आहे. लवकर दाबलं आणि बोट धरून ठेवलं तर काय होतं? ब्लॉक होतो, म्हणजे तुमचा बार थोडा भरला, बाकी काही नाही. उशिरा दाबलं तर सरळ वार बसतो. म्हणजे चूक करायचीच असेल तर लवकरच्या बाजूला करा. डार्क सोल्स या त्याच कंपनीच्या आधीच्या गेमवरून आलेल्यांना हे पटायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि त्यांचं चुकत नाही, कारण तिथली पॅरी (ऐनवेळी वार उडवून लावणं) हा खरोखरचा जुगार आहे, लागली तर शत्रू उघडा पडतो आणि समोरून जबरदस्त वार करता येतो, चुकली तर वार अंगावर. त्यामुळे तिथे शहाणा माणूस पॅरी जपून वापरतो, रोल मारतो, ढाल धरतो, अंतर ठेवतो. तीच सवय घेऊन तो सेकिरोत येतो आणि डिफ्लेक्टला पॅरी समजून खास प्रसंगासाठी राखून ठेवतो. इथे ते राखून ठेवायचं नाहीच! इथे डिफ्लेक्ट हेच रोजचं चालणं आहे आणि ब्लॉक ही त्याच्याखाली लावलेली जाळी आहे. गेम बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअरने ही जाळी मुद्दाम दिलीय म्हणून तर शत्रू इतके भराभर वार करतात, नाहीतर हा गेम कुणालाच खेळता आला नसता. म्हणूनच सेकिरोत "पॅरी कर" असं कुणी सांगितलं की माझा जीव तुटतो, ऐकणारा बिचारा सोल्सच्या भीतीनेच खेळायला लागतो.

मग बटण धडाधड बडवायचं का? नाही, आणि त्या "दाबत राहा" वाल्यांशी माझं खरं भांडण इथेच आहे. गेमला हे कळतं. लागोपाठ दाबत राहिलं की विंडो दर वेळी आखूड होत जाते आणि जरा थांबल्यावरच परत पूर्ववत होते. बडवणाऱ्याला मधूनमधून डिफ्लेक्ट मिळतो, म्हणून त्याला वाटतं जमतंय, पण बाकीचं सगळं ब्लॉकवर जात असतं आणि एखादा वार नेमका बोट उचललेलं असताना अंगावर येतो. साध्या सैनिकासमोर खपून जातं, बॉससमोर नाही.

मी सगळ्यांना एकच पद्धत सांगतो. वार येताना दाबा आणि धरून ठेवा, लगेच सोडू नका. पुढचा वार निघताना दिसला की सोडा आणि लगेच परत दाबा. म्हणजे बोट जवळजवळ सगळा वेळ बटणावर खाली असतं आणि प्रत्येक वारापुरतं क्षणभर वर येतं. याचा फायदा असा की ताल चुकला, वार अपेक्षेपेक्षा लवकर आला, तरी तो ब्लॉकवर पडतो. जे टॅप करून लगेच बोट उचलतात त्यांच्याकडे जाळीच नसते, त्यांचा प्रत्येक अंदाज बरोबरच यावा लागतो. गेनिचिरोच्या लांबलचक कॉम्बोत ताल मध्येच बदलतो, तिथे हा फरक लगेच दिसतो. आणि टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू करा, ०.२ सेकंदांच्या हिशोबात टीव्हीचा लॅग परवडत नाही, हे सेटिंग न बघता स्वतःच्या हाताला दोष देत बसणारे खूप आहेत.

आता पोश्चर. तुमचा बार काठोकाठ भरला असेल तरी डिफ्लेक्टने तो फुटत नाही. ब्लॉकने फुटतो, वार बसला तर फुटतो, डिफ्लेक्टने कधीच नाही. बार लाल-नारिंगी होऊन चमकायला लागला की बहुतेक जण घाबरून मागे पळतात, पण तुम्ही डिफ्लेक्ट करू शकत असाल तर त्या क्षणीही समोरच उभं राहता येतं. आणि पळण्याची किंमत मोठी असते. पोश्चर म्हणजे स्टॅमिना नाही, सेकिरोत स्टॅमिना मुळात नाहीच, पळा, उड्या मारा, वार करा, काही खर्च होत नाही. तुम्ही लांब गेलात की तुमचा बार उतरतो हे खरं, पण समोरच्याचाही उतरतो, आणि त्याची व्हायटॅलिटी भरलेली असेल तर भराभर उतरतो. एवढी मेहनत करून भरलेला बॉसचा बार दोन पावलं मागे जाऊन स्वतःच रिकामा करायचा, याला काय म्हणावं. अगदीच श्वास घ्यायचा असेल तर जवळच थांबून एल१ धरा, बटण धरलेलं असताना तुमचा बार जास्त वेगाने उतरतो. ब्लॉकचा हा एक उपयोग मात्र खरंच चांगला आहे आणि तोच कुणी सांगत नाही. आणि आधी थोडी व्हायटॅलिटी कापून घ्या, अर्ध्यावर आलेल्या बॉसचा बार हळू उतरतो, मग डिफ्लेक्टची सगळी कमाई टिकते.

दोन्हीतला फरक उघडाच बघायचा असेल तर आशिना किल्ल्यात वरच्या बाजूला जिन्सुके साझे नावाचा शत्रू भेटतो त्याच्याकडे जा. तो तलवार म्यानात ठेवून थांबतो आणि मग एका झटक्यात लागोपाठ दोन वार काढतो. ब्लॉक करा, तुमचा बार भसकन वर जातो. दोन्ही डिफ्लेक्ट करा, त्याचा जातो, आणि काही फेऱ्यांत तो संपतो. दोन वार, दोन वेळा दाबणं, मध्ये एकदा सोडणं. या एका माणसाला नीट शिकलात तर बाकी गेम वेगळाच वाटायला लागतो.

कानांचा वापर करा. ब्लॉकचा आवाज बोदा असतो, डिफ्लेक्टचा खणखणीत आणि ठिणग्याही मोठ्या. मी तर सेटिंगमध्ये जाऊन म्युझिक कमी करून इफेक्टचा आवाज वाढवायलाच सांगेन, बॉसचं संगीत कितीही छान असलं तरी. कारण हाच आवाज उलट्या बाजूनेही कामाला येतो, शत्रूसुद्धा तुमचे वार कधी ब्लॉक करतो आणि कधी डिफ्लेक्ट करतो. बोदा आवाज येतोय तोपर्यंत तुम्ही मारत राहा, पाळी तुमची आहे. खण्ण करून आवाज आला, तुमचा वार उडवला गेला, की पाळी त्याची, तिसरा-चौथा वार लालचीपणे मारायला जाऊ नका, लगेच एल१ ची तयारी करा. बॉसकडून मार खाणाऱ्यातले कितीतरी जण बचावात कमी पडत नाहीत, खण्ण झाल्यावरही मारत राहतात म्हणून मरतात.

खास धोक्याच्या वाराआधी लाल कांजी (जपानी चित्रलिपीतलं) अक्षर चमकलं की काय करायचं हे सगळीकडे लिहिलेलं आहे, थोडक्यात सांगतो. ब्लॉक तिन्ही प्रकारांत निकामी. भोसकण्याचा वार डिफ्लेक्ट होतो, पण मिकिरी काउंटर हे कौशल्य शिकून घ्या आणि शत्रूच्या दिशेनेच डॉज (झटकन सरकण्याचं बटण) दाबा, समोरच्याचा बार खूप जास्त भरतो. खालून फिरवलेला वार डिफ्लेक्ट होत नाही, उडी मारा आणि हवेतच परत उडी दाबून त्याच्या डोक्यावर पाय द्या. पकडायला आला तर बाजूला व्हा. स्किल पॉइंट मिळाले की सगळ्यात आधी मिकिरी घ्या, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

सगळीकडे डिफ्लेक्टच करत बसा असंही मी म्हणत नाही. गार्डियन एप हा महाकाय वानर बॉस लढाईच्या पहिल्या फेरीत माकडासारखा उड्या मारत असतो तेव्हा त्याच्याभोवती पळणं आणि संधी बघून मारणं जास्त बरं. पण तोच दुसऱ्या फेरीत तलवार डोक्यावर उचलून जमिनीवर आपटतो, तो एक वार डिफ्लेक्ट केला तर एवढं धूड कोसळतं आणि मारायला मोकळा वेळ मिळतो.

आता या जातीच्या बाकी गेमबद्दल, कारण एका गेमचं शिकलेलं दुसऱ्यात तसंच्या तसं नेलं की परत गोंधळ. सिफूत (२०२२) बटण पुन्हा एकच, धरलं तर गार्ड आणि ऐनवेळी टॅप केलं तर पॅरी, पण तिथे तिसरी गोष्ट आहे, गार्ड धरून स्टिक वर-खाली केली की जागच्या जागी वार चुकवता येतो आणि त्यात स्ट्रक्चर (तिथलं पोश्चर) सावरतंही, म्हणून माझ्या मते सिफूत आधी तेच शिकावं, पॅरी नंतर. वो लाँग: फॉलन डायनॅस्टी (२०२३) हा मात्र खरा अॅक्शन आरपीजी आणि तिथे दोन्ही बटणं वेगळी आहेत, ब्लॉक एल१ वर आणि डिफ्लेक्ट गोल बटणावर. ब्लॉकने स्पिरिट (तिथला पोश्चरसारखा बार) जातं, डिफ्लेक्टने मिळतं, आणि लाल चमकणारा वार ब्लॉक होतच नाही, डिफ्लेक्टच करावा लागतो. सेकिरोवरून आलेला माणूस तिथे सवयीने एल१ दाबत राहतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे एल१ धरूनच गोल दाबायचं, साध्या वारावर टायमिंग चुकलं तरी खाली ब्लॉक असतो. आणि २००५ च्या जेड एम्पायरमध्ये अशी ऐनवेळच्या टायमिंगची भानगडच नाही, तिथे ब्लॉक म्हणजे फक्त ब्लॉक आणि तो पॉवर अटॅकने मोडतो, तुमचाही आणि शत्रूचाही, त्यामुळे समोरचा ब्लॉक धरून बसला की भराभर मारत बसू नका, पॉवर अटॅक टाका.

परत सेकिरोकडे येऊन एकच सांगतो. पडक्या मंदिरापाशी हानबेई नावाचा योद्धा उभा असतो, तो मरत नाही आणि सराव द्यायला कायम तयार असतो. दहातले नऊ लोक त्याच्याशी एकदा बोलून पुढे निघून जातात. त्याच्यासमोर उभं राहा, स्वतः एकही वार मारू नका, डोळे त्याच्या तलवारीपेक्षा खांद्यांवर ठेवा आणि फक्त दाबा, धरा, सोडा, दाबा. बोदा आवाज आला तर पुढच्या वेळी जरा उशिरा दाबा, अंगावर बसला तर जरा लवकर. मिकिरी शिकलात की त्याचाही सराव तो देतो. आणि हे अंगात मुरलं की दुसऱ्यांदा गेम सुरू करताना कुरो या मुलाने (ज्याचं तुम्ही रक्षण करता) दिलेला ताईत त्याला परत देऊन बघा, मग साध्या ब्लॉकवरसुद्धा व्हायटॅलिटी जाते आणि फक्त डिफ्लेक्टवर जात नाही.