पहाटेचं पाणी आणि खरजेचा किडा

माझी मावशी लालबागला चाळीत राहते. दहा बाय बाराची खोली, माणसं सहा. गेल्या पावसाळ्यात घरात खरूज शिरली ती दिवाळी आली तरी हटेना. मलम दोनदा लावून झालं होतं. "औषधातच दम नाही रे," मावशीने निकाल देऊन टाकला.

मग एकदा बसून त्या रात्रींचा हिशेब मांडला. परमेथ्रिनचं ५ टक्क्यांचं मलम मानेपासून तळपायापर्यंत लावून ८ ते १४ तास अंगावर ठेवायचं असतं. यांनी मालिका संपल्यावर, अकराला लावलं. चाळीत पाणी येतं पहाटे साडेचारला, त्यामुळे पाचपर्यंत सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या. म्हणजे जेमतेम सहा तास. त्यात मलम लावल्यावर मावशीने रात्रीची भांडी घासलेली. बोटांच्या बेचक्यांतलं, नेमकं हवं तिथलं मलम मोरीतून वाहून गेलेलं. आणि ट्यूब एकच, ३० ग्रॅमची. एवढी तर एका मोठ्या माणसाच्या अंगालाच लागते. इथे ती सहा जणांत, जिथे खाजतंय तिथे ठिपका, अशी वाटली गेली होती.

खाज जिथे असते तिथेच किडा असतो असं नाही, हीच यातली मेख. साध्या खरजेत अख्ख्या अंगावर मिळून किडे दहा-पंधराच असतात. खाज येते ती त्यांच्या अंड्या-विष्ठेविरुद्ध शरीराने उठवलेल्या बोंबेमुळे. पहिल्यांदा लागण झाली तर ही बोंब उठायला चार-सहा आठवडे लागतात, आणि तोवर माणूस बिनघोर इतरांना किडे वाटत असतो.

किडा म्हणतो खरं, पण हा कोळ्याच्या कुळातला, आठ पायांचा. मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. कातडीच्या सर्वांत वरच्या थरात ती आडवं बीळ खणत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. त्वचातज्ज्ञ भिंगातून पाहतात तेव्हा तिचं डोकं काळपट त्रिकोणासारखं दिसतं आणि मागे बिळाची पांढरी रेघ, आभाळात विमानामागे उमटते तशी. मावशीच्या करंगळीच्या बेचक्यात अशी रेघ होती. दोन वेळा साबणाने आंघोळ करून ती जात नाही. खरजेला 'घाणेरड्यांचा रोग' म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

डॉक्टरांनी या वेळी मलमासोबत आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही दिल्या. मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेल्या औषधाचं हे रूप. त्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. मात्रा वजनावर ठरते, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम. जेवणानंतर घेतली तर अंगी जास्त लागते. गोळीला बेचकी-बेंबी, पाठीचा न पोचणारा भाग, असलं काही चुकत नाही. रक्तातून ती सगळीकडे जाते. पण तिची एक खोट आहे: अंड्यांना ती मारत नाही. रक्तातलं तिचं प्रमाण साधारण अठरा तासांत निम्मं होतं आणि अंडं फुटायला तीन-चार दिवस लागतात. पिल्लू बाहेर येतं तेव्हा गोळीचा जोर ओसरलेला असतो. म्हणून एक-दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा. मलम अंड्यांवरही बऱ्यापैकी चालतं, पण लागेल तिथेच.

दोघांचा वारही वेगळा. नसांतून संदेश जावा म्हणून उघडझाप करणारी सोडियमची दारं किड्याच्या अंगात असतात; परमेथ्रिन ती मिटू देत नाही आणि किडा झटके येऊन मरतो. आयव्हरमेक्टिन क्लोराइडची दारं उघडून नसच गप्प करतं. सोडियमच्या दारात बदल झालेले, मलमाला दाद न देण्याची शक्यता असलेले किडे युरोपात सापडले आहेत. दार बदललेल्या किड्याला दुसऱ्या वाटेने गाठता येतं.

खपलीच्या खरजेत तर जोडीवाचून गत्यंतर नाही. म्हातारपण, एचआयव्ही किंवा स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाच्या अंगावर जाड खपल्या धरतात आणि किडे हजारो-लाखोंच्या घरात जातात. मलम खपलीत मुरत नाही. खपलीत रक्त नाही, त्यामुळे गोळीही आत पोचत नाही. मग खपली मऊ करणारं औषध, रोजचं मलम आणि पहिल्या, दुसऱ्या, आठव्या, नवव्या, पंधराव्या दिवशी गोळी, असा वेढा घालावा लागतो. दुकानातून न विचारता आणलेल्या 'खाजेच्या ट्यूब'मध्ये स्टेरॉइड असलं की खाज दबते, पुरळाचं रूप बदलतं आणि किडे निवांत वाढतात. मावशीकडे तीही एक निघालीच.

मावशीचा संशय लोकलच्या गर्दीवर होता. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी यांनी इंग्लंडातल्या शेफिल्डमध्ये स्वयंसेवकांना खरजेच्या रुग्णांचे न धुतलेले कपडे घालायला आणि त्यांच्या घोंगड्यांत झोपायला लावलं, तेव्हा फारच थोड्यांना लागण झाली. किड्याला हवा असतो कातडीला कातडीचा बराच वेळ स्पर्श. तो दादर ते परळच्या उभ्या प्रवासात नाही, तर एका गादीवर चौघं झोपतात तिथे मिळतो.

म्हणून शनिवारची रात्र ठरवली. आठलाच भांडी घासून झाली, दोन पिंपं आदल्या पाण्याने भरून ठेवली, नवाला सहाही जणांनी मलम लावलं, खाज नसलेल्या काकांनीसुद्धा. गोळी पाच जणांनाच. धाकटी नात पंधरा किलोच्या आतली, तिला देत नाहीत. तिला नुसतं मलम, तेही डोक्या-चेहऱ्यासकट डोळे-तोंड वगळून, आणि बोटं चोखू नये म्हणून हातांना मोजे. गरोदर बाईलाही गोळी टाळतात. चादरी-कपडे गरम पाण्यात निघाले. पावसाळी गोधडी धुवून वाळणार कुठे, म्हणून ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर माळ्यावर. अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसच तगतो. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

दुसऱ्या फेरीनंतरही खाज राहिली आणि मावशी तिसऱ्या ट्यूबची मागणी घेऊन दवाखान्यात. डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. नवी रेघ नव्हती. मेलेले किडे कातडीच्या वरच्या थरासोबत झडून जाईपर्यंत दोन ते चार आठवडे खाजतं, असं सांगून त्यांनी फक्त खाजेची गोळी दिली. मावशी ती घेते, पण रोज सकाळी खिडकीच्या उजेडात करंगळीचं बेचकं ताणून बघितल्याशिवाय चहा टाकत नाही.