आधी उदासी की आधी मोबाईल?

सोशल मीडियात बुडालेल्या विद्यार्थ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे जास्त दिसतात, हे अनेक पाहण्यांत आढळले आहे. पण तासन्तास स्क्रोल करून मन खचते, की आधीच खचलेले मन मोबाईलचा आसरा घेते? नुसत्या पाहणीतून ते कळत नाही.

हा गुंता सोडवायला एक नामी संधी आपोआपच चालून आली होती. फेसबुक २००४ साली हार्वर्डमध्ये सुरू झाले, तेव्हा ते सगळ्यांसाठी खुले नव्हते. अमेरिकेतल्या एकेका कॉलेजात ते टप्प्याटप्प्याने पोहोचले. त्यामुळे काही काळ इथे फेसबुक आहे आणि तिथे नाही, अशी स्थिती होती. ब्राघिएरी, लेव्ही आणि माकारिन या अर्थतज्ज्ञांनी (हो, मानसशास्त्रज्ञांनी नव्हे!) त्या तारखा विद्यार्थ्यांच्या आरोग्याच्या जुन्या सर्वेक्षणांशी ताडून पाहिल्या. २०२२ मध्ये त्यांचा निबंध आला. फेसबुक पोहोचल्यावर मानसिक आरोग्य ढासळले होते आणि त्यात नैराश्य ठळक होते. कॉलेजच्या आवाराबाहेर राहणाऱ्यांसारख्या, स्वतःला इतरांपेक्षा कमी लेखण्याची शक्यता असलेल्या विद्यार्थ्यांना त्याची झळ जास्त बसली. म्हणून संशोधकांचा रोख तुलनेकडे आहे. इतरांचे हसरे फोटो पाहून आपलेच आयुष्य फिके वाटू लागते.

गंमत म्हणजे तेव्हा ना आयफोन होता, ना लाइकचे बटण. ती दोन्ही अनुक्रमे २००७ आणि २००९ मध्ये आली. आजचे न संपणारे फीड तर दूरच.

मग वापर कमी केला तर? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर असा प्रयोग झाला. २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका गटाने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला फक्त १० मिनिटे वापरायचे, दुसऱ्याने नेहमीसारखे. तीन आठवड्यांनी पहिल्या गटात एकटेपणा कमी झाला. सुरुवातीला ज्यांच्यात नैराश्याची लक्षणे जास्त होती, त्यांची लक्षणेही उतरली. दुसऱ्या गटाचीही चिंता थोडी घटली. आपल्या वापराची नोंद होते आहे, एवढी जाणीवच बहुधा पुरली असावी.

‘व्यसन’ हा शब्द मात्र जपून वापरावा. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत, डीएसएम-५ मध्ये, सोशल मीडियाच्या व्यसनाला स्वतंत्र आजार म्हणून जागा नाही. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठात २०१२ मध्ये तयार झालेली फेसबुकच्या व्यसनाची मोजपट्टीही तास मोजत नाही. ती विचारते, की वापर कमी करायचा प्रयत्न फसला का? मनाई झाल्यावर बेचैनी आली का? अभ्यासाचे नुकसान झाले का? दिवसाला चार तास ऑनलाइन असणारा एखादा यात बसणार नाही, आणि तासाभराचाच वापर असलेला दुसरा कदाचित बसेल.