ईसीजी नॉर्मल आला म्हणजे पक्षाघाताची भीती गेली?

सांगली-मिरजेकडे घरोघरी ऐकू येणारा एक समज: दरवर्षी ईसीजी काढला, नॉर्मल आला, की निर्धास्त. हा समज चुकीचा आहे. साधा ईसीजी जेमतेम 10 सेकंदांचे ठोके टिपतो. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची थरथर, अनेकांत येते-जाते. तिच्यामुळे रक्ताची गुठळी होऊन मेंदूकडे गेली, की पक्षाघात होतो. शिबिरात सकाळी नसते, रात्री दोनला असते.

मग सतत तपासत राहिलं तर? डेन्मार्कमध्ये 70 ते 90 वयाच्या सुमारे 6,000 जणांच्या अभ्यासात काहींवर तेही करून पाहिलं. 2021 मध्ये निष्कर्ष आले. त्वचेखाली ठोके सतत टिपणारं यंत्र बसवलेल्यांत ही थरथर बाकीच्यांपेक्षा अडीच पटींहून जास्त सापडली, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही जास्त जणांना सुरू झाल्या, तरी पक्षाघात ठळकपणे घटले नाहीत. या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे कुणी सांगतच नाही! (ज्यांना डॉक्टरांनी त्या दिल्यात त्यांनी मात्र मनाने बंद करू नयेत.)

धडधड, दम, चक्कर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे थांबूच नका. एरवी आई-आबांच्या मनगटावर, अंगठ्याच्या खाली, दोन बोटं ठेवून मिनिटभर नाडी बघा. ठोके वेडेवाकडे पडत असतील तर ईसीजी काढायचा, आणि बीपी दरवेळी मोजायचाच.