वर्गफोटोतल्या चार मुली

‘पर्सेपोलिस’ हे चित्रकथेचं पुस्तक उघडलं की पहिल्याच चौकटीत दहा वर्षांची मार्जी, म्हणजे लहानपणची लेखिकाच, बसलेली दिसते. हाताची घडी, डोक्याला काळं कापड, तोंड आंबट. साल १९८०, गाव तेहरान. शेजारी वर्गाचा फोटो: तसंच कापड बांधलेल्या चार मुली. मार्जी अगदी कडेला बसल्यामुळे फोटोतून जवळजवळ कापलीच गेलीय. आधी चौघी एकसारख्या वाटतात. जरा थांबून पाहिलं की बटा वेगळ्या, भुवया वेगळ्या, रुसण्याची तऱ्हाही वेगळी. पुढे शाळेच्या आवारात त्याच कापडाची कुणी उडी मारायची दोरी करतं, कुणी घोड्याचा लगाम.

मार्जान सात्रापीच्या या चित्ररूप आठवणींचं बरंचसं म्हणणं मला त्या दोन पानांतच दिसतं. पण त्या कापडाचा इतिहास तिच्या जन्माच्या बराच आधी सुरू होतो.

१९३६ मध्ये तेव्हाचा राजा रझा शाह याने इराणमध्ये पडद्यावर बंदी घातली. पोलीस भर रस्त्यात बायकांच्या अंगावरची चादोर, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचं कापड, ओढत. ज्यांना तशी बाहेर जायची लाज वाटे, त्या घरात बसून राहिल्या. १९७९ च्या क्रांतीनंतर काटा उलटा फिरला. मार्च महिन्यात क्रांतीचे धर्मगुरू नेते खोमेनींनी सरकारी कचेऱ्यांत बायकांनी हिजाब घालावा असं म्हणताच तेहरानच्या बायका हजारोंनी रस्त्यावर उतरल्या. तरी सक्ती आलीच, आणि १९८३ मध्ये कायद्याने फटक्यांची शिक्षाही आली. म्हणजे आजीच्या डोक्यावरून ज्या सरकारी हाताने कापड ओढलं, त्यानेच नातीच्या डोक्यावर ते बसवलं. आतल्या बाईला कुणी विचारलं नाही, ना तेव्हा ना नंतर.

हे बाहेर मात्र पोचलं नाही. नोव्हेंबर १९७९ पासून तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीतले लोक ४४४ दिवस ओलीस होते, आणि तेवढे दिवस पाश्चात्त्य टीव्हीवर घोषणा, उगारलेल्या मुठी आणि काळ्या चादोरींच्या रांगा दिसत राहिल्या. इराण म्हणजे ही रांग, हे डोक्यात पक्कं झालं. १४ व्या वर्षी आईबापांनी एकटीला व्हिएन्नाला धाडलेल्या मार्जीला पुढची काही वर्षं त्या रांगेचंच उत्तर द्यावं लागलं.

पुढे ती फ्रान्समध्ये स्थिरावली. तिथे ‘लासोसियास्यों’ या व्यंगचित्रकारांनीच काढलेल्या प्रकाशनसंस्थेने २००० ते २००३ या काळात तिचे चार भाग छापले. आर्ट स्पीगेलमनच्या ‘माउस’ या चित्रकथेला १९९२ मध्ये पुलित्झर मिळाल्यापासून चित्रकथेत गंभीर आत्मकथन मावतं हे लोकांनी मान्य केलं होतं. इंग्रजी आवृत्ती २००३ ची. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी इराणला ‘दुष्टांच्या अक्षा’त, म्हणजे जगाला धोका ठरवलेल्या देशांच्या टोळीत, बसवलं होतं.

पुस्तक राजवटीला सोडत नाही. इराकशी युद्ध चालू असताना गरीब वस्तीतल्या पोरांना ‘हुतात्मा झालास तर स्वर्गाची’ म्हणून सोनेरी रंगाच्या प्लास्टिकच्या किल्ल्या दिल्या जातात. एका पानावर वर गळ्यात किल्ल्या अडकवलेली पोरं सुरुंगावर उडताहेत, खाली मार्जीची पहिली पार्टी चाललीय. स्वतःच्या सुखवस्तूपणाकडे लेखिका इतक्या उघड बोट दाखवते, हे तिला त्यावरून बोल लावणारे टीकाकार कधीकधी विसरतात.

पण धर्म आणि राजवट ती एका मोळीत बांधत नाही. मला सर्वांत आवडतो तो मुल्ला. विद्यापीठात प्रवेशासाठी ‘विचारांची’ तोंडी परीक्षा आहे. मार्जी सरळ सांगते की अरबीत नमाज येत नाही, मी देवाशी फारसीत बोलते. नापासच, असं आपण धरून चालतो. तो तिला पास करतो, कारण ती खोटं बोलली नाही.

२००३ च्या अखेरीस फ्रान्समध्ये शाळेत हिजाबबंदीचा वाद पेटला, तेव्हा सात्रापीने बंदीलाही विरोध केला. हिजाब तिला मुळीच आवडत नाही, तरीही. अनेकांना हे पचलं नाही. आजीचं १९३६ आठवलं तर त्यात कोडं राहत नाही.

२००७ मध्ये पुस्तकावरचा चित्रपट आला आणि फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ज्युरी पारितोषिकात वाटेकरी झाला. ऑक्टोबर २०११ मध्ये ट्युनिशियाच्या एका वाहिनीने तो तिथल्या बोलीत दाखवला. देवाला माणसाच्या रूपात दाखवलं म्हणून निदर्शनं झाली, खटला चालला, वाहिनीच्या प्रमुखाला २,४०० दिनार दंड झाला. पुस्तकात तोच देव पांढऱ्या दाढीचा म्हातारा आहे. तो रात्री मार्जीला कुशीत घेतो, आणि तिच्या मते तो थेट मार्क्ससारखा दिसतो. फक्त मार्क्सचे केस जरा जास्त कुरळे.