घरातला कुत्रा घरातल्याच प्राण्यावर तुटून पडतो तेव्हा

कित्येक महिने एकाच सोफ्यावर एकमेकांना टेकून झोपणारे दोन कुत्रे असतात, एक दिवस दारावरची बेल वाजते आणि त्यातला एक दुसऱ्यावर असा तुटून पडतो की घरातल्यांना काही सेकंद कळतच नाही काय चाललंय. घर शेअर केलेलं असेल, म्हणजे दोन-तीन जणं आपापले प्राणी घेऊन एकत्र राहत असतील, तर लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो, सुरुवात कुणाच्या कुत्र्याने केली. मग माणसांचंच भांडण रंगतं आणि त्या कुत्र्याला नेमकं काय झालंय हे बघायचं राहून जातं. मला इथे एकच गोष्ट पोटतिडकीने सांगायचीय, शांत कुत्रा एकदम बदलला तर पहिला फोन व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला करा, ट्रेनरला नंतर.

याचं कारण दुखणं. २०२० मध्ये प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्तनाच्या तक्रारी घेऊन तज्ज्ञांकडे आलेल्या कुत्र्या-मांजरांच्या केसेसचा आढावा घेतला, तर अगदी हात राखून अंदाज केला तरी साधारण एक तृतीयांश केसेसमध्ये कुठलं ना कुठलं दुखणं सापडत होतं आणि काही ठिकाणी हा आकडा ८० टक्क्यांच्या जवळ जात होता. त्याआधी २०१२ मध्ये बार्सिलोनातल्या संशोधकांनी दुखण्यामुळे आक्रमक झालेल्या १२ कुत्र्यांचा अभ्यास केला होता, त्यातल्या ८ जणांना हिप डिस्प्लेजिया होता, म्हणजे खुब्याचा सांधाच नीट बसलेला नव्हता. आणि जे कुत्रे आधी कधीच आक्रमक नव्हते ते दुखणं सुरू झाल्यावर जास्त उतावीळपणे अंगावर येत होते.

आपल्याला वाटतं दुखत असेल तर तो लंगडेल, केकाटेल. पण पुष्कळ कुत्रे तसलं काही करत नाहीत, ते फक्त जिना चढायला जरा थांबतात, गाडीत उडी मारत नाहीत, झोपताना तीन-चार वेळा कूस बदलतात, एकाच बाजूने चावून खातात, आणि आपण म्हणतो वय झालं आता. सांधे, किडलेला दात, कानाचं इन्फेक्शन, पाठीचा मणका, पोट, यातलं काहीही असू शकतं. कमी दिसायला किंवा ऐकायला लागलेला कुत्रा झोपेत कुणी धक्का दिला की दचकून चावतो. म्हातारपणी मेंदूची झीज होऊन गोंधळलेले कुत्रे असतात, क्वचित फिट्सचा किंवा मेंदूतल्या गाठीचा त्रास असतो. मादी असेल तर हीटनंतर, म्हणजे माजावर येऊन गेल्यावर साधारण ६ ते ८ आठवड्यांनी खोटी गर्भधारणा होऊन ती एखादं खेळणं पिल्लासारखं जपते आणि जवळ येणाऱ्यावर धावून जाते. स्टेरॉइडसारखं औषध नुकतंच सुरू केलं असेल तर तेही व्हेटला आवर्जून सांगा. आणि रेबीज. लसीकरण अर्धवट असेल, वागणं एकदम पालटलं असेल, लाळ गळत असेल, गिळता येत नसेल तर त्याला हात न लावता वेगळ्या खोलीत बंद करून आधी फोन करा.

आता दुखण्याचा आणि घरातल्या दुसऱ्या प्राण्याचा संबंध कसा जुळतो ते बघा, मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खुबा दुखतोय आणि घरातला तरुण कुत्रा रोजच्यासारखा खेळायला अंगावर उडी मारतो, कळ येते. असं चार-पाचदा झालं की मेंदू त्या कळेची सांगड त्या कुत्र्याशी घालतो, म्हणजे आता तो नुसता जवळ येताना दिसला तरी कळ येणार ही भीती आधी येते आणि दात त्या भीतीने निघतात. म्हणूनच बऱ्याचदा औषधाने दुखणं थांबतं पण भांडणं थांबत नाहीत, कारण दुखणं गेलं तरी शिकलेली भीती तशीच आत राहते, तिच्यावर वेगळं काम करावं लागतं. दुखतंय असं वाटलं तर आपल्या घरातली वेदनाशामक गोळी मात्र चुकूनही देऊ नका, पॅरासिटामॉलने मांजर दगावतं आणि आयबुप्रोफेन कुत्र्यासाठी विषारी आहे.

बरं, शरीरात काहीच सापडलं नाही तर? तर मग तो 'अचानक' हल्ला खरंच अचानक होता का हे तपासायचं. ब्रिटिश व्हेट केंडल शेफर्ड यांनी कुत्र्याच्या इशाऱ्यांची एक शिडीच मांडलीय. खालच्या पायऱ्यांवर जांभई, डोळ्यांची उघडझाप, नाक चाटणं, मग तोंड फिरवणं, अंग फिरवणं, उठून निघून जाणं, पुढे कान मागे पाडून अंग चोरणं, शेपूट पायात घालणं, मग एकदम ताठ होऊन रोखून बघणं, गुरगुरणं, हवेत दात आपटणं आणि सगळ्यात वर चावा. खालचे इशारे समोरच्याने मानले तर वर जायची गरजच पडत नाही. पण फ्लॅटमध्ये निघून जायला जागा नसते, समोरचा कुत्रा पोरसवदा असतो त्याला इशारे कळत नाहीत, आणि आपण मोबाइलमध्ये असतो. शिवाय गुरगुरल्यावर ओरडा किंवा फटका बसत गेला तर कुत्रा गुरगुरणं सोडतो, मनातली भीती सोडत नाही, आणि मग तो थेट चावतो. लोक म्हणतात काहीच कारण नसताना चावला.

त्यात दिवसभरातला एक ताण दुसऱ्यावर चढत जातो. सकाळी फटाके, दुपारी घरात पाहुणे, संध्याकाळी फिरायला जायला उशीर, आणि रात्री मांजर जेवणाच्या वाटीजवळून गेलं एवढंच निमित्त, काठोकाठ भरलेल्या भांड्यात शेवटचा थेंब पडावा तसं. किंवा खिडकीतून दिसलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यावर भुंकताना तिथपर्यंत पोचता येत नाही म्हणून शेजारी उभ्या असलेल्या घरच्याच कुत्र्याला दात लागतात, याला वळवलेली आक्रमकता म्हणतात, आणि बेल वाजल्यावर जी भांडणं होतात त्यातली बरीच याच जातीची.

एकाच घरातल्या कुत्र्यांच्या भांडणाच्या ३८ केसेसचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ७९ टक्के जोड्या एकाच लिंगाच्या होत्या, म्हणजे नर-नर किंवा मादी-मादी, आणि सुरुवात करणारा बहुतेक वेळा वयाने लहान किंवा घरात नंतर आलेला होता. भांडणाचं निमित्त काय तर मालकाचं लक्ष, खाणं, उत्साहाचे प्रसंग, सापडलेल्या वस्तू. एक ते तीन वर्षांच्या दरम्यान कुत्रा मोठेपणात येतो तेव्हा हे जास्त दिसायला लागतं, त्यामुळे लहानपणी तर छान जमायचं हे म्हणणं खरंच असतं.

आता तो जुना सल्ला, की कुत्र्याला कळपाचा म्होरक्या व्हायचंय, तुम्ही वचक दाखवा. हे मूळ रुडॉल्फ शेन्केल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणातून आलं, १९४७ साली, आणि ते लांडगे पिंजऱ्यात एकत्र कोंडलेले होते. पुढे लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मीच यांनी कॅनडाच्या एल्समियर बेटावर मोकळे लांडगे अनेक उन्हाळे पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे साधारणपणे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, सत्तेसाठी झुंजत बसलेली टोळी नव्हे. वचक दाखवण्याचा परिणाम काय होतो तेही तपासलं गेलंय. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या हेरॉन आणि सहकाऱ्यांनी १४० मालकांकडून माहिती घेतली, तेव्हा ज्यांनी मारणं किंवा लाथ घालणं वापरलं होतं त्यांच्यातल्या ४३ टक्के लोकांच्या कुत्र्यांनी उलट आक्रमकता दाखवली, जबरदस्तीने पाठीवर लोळवण्याच्या बाबतीत ३१ टक्के. घाबरलेल्या कुत्र्याला अजून घाबरवून घरातलं मांजर सुरक्षित होत नाही, एवढं तरी यावरून कळावं.

प्रत्यक्ष भांडण लागलं तर हात मध्ये घालायचा नाही, गळपट्टा धरायला जाणारा हातच सगळ्यात जास्त सापडतो. मोठा आवाज, पाणी, मध्ये सरकवता येईल अशी खुर्ची, फळी, उशी, जे हाताशी असेल ते. सुटले की लगेच वेगळ्या खोल्या, आणि दोघांचं अंग केस बाजूला करून नीट बघा कारण दाताची भोकं वरून बारीक दिसतात आणि आत खोल असतात. माणसाला चावा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि डॉक्टरकडे जायचं, मांजराच्या चाव्यातही इन्फेक्शन पटकन होतं.

त्यानंतर खरं काम म्हणजे वेगळं ठेवणं. लोकांना वाटतं दुसऱ्या दिवशी समोरासमोर आणून 'मिटवून टाकू', हे कृपा करून करू नका, प्रत्येक नवीन भांडण म्हणजे त्या भीतीची अजून एक उजळणी. काही दिवस, गरज पडली तर काही आठवडे, एक बाहेर तर दुसरा बंद खोलीत अशी पाळी लावायची, वाट्या वेगळ्या खोल्यांत, चघळायच्या वस्तू उचलून ठेवायच्या, दारं आणि पॅसेज इथे गर्दी होऊ द्यायची नाही. जाळीदार मझल, म्हणजे चावू नये म्हणून तोंडावर बसवायची टोपली, हळूहळू खाऊ देऊन घालायला शिकवलं तर तो त्यात धापा टाकू शकतो, पाणी पिऊ शकतो, कापडी आवळपट्टीत ते जमत नाही.

परत भेट घडवायची तर घराबाहेर, दोन माणसं, दोन पट्टे, भरपूर अंतर ठेवून एकाच दिशेने चालणं. दुसरा दिसला की खाऊ, दिसेनासा झाला की खाऊ बंद. दोघं सैल अंगाने चालत असतील तरच अंतर थोडं कमी, कुणी ताठ झाला की परत मागे. हे कंटाळवाणं आहे पण त्या शिकलेल्या भीतीवर चालणारं माझ्या माहितीत हेच आहे. काही कुत्र्यांना व्हेट फ्लुओक्सेटिनसारखं भीती-चिंता कमी करणारं औषध देतात, ते असर करायला काही आठवडे घेतं आणि त्याने कुत्रा 'गुंगीत' ठेवला जातो हा गैरसमज आहे, घाबरलेला मेंदू शिकू शकेल इतपत शांत व्हावा हा उद्देश असतो.

मांजराची गोष्ट वेगळी आहे. कुत्रा भीतीने किंवा चिडून गुरगुरतो तेव्हा निदान आवाज तरी होतो, पण शिकारीची साखळी शांत असते, टक लावणं, दबा धरणं, पाठलाग, पकड. मांजर पळालं की ती साखळी सुरू होते. त्यामुळे कुत्रा गप्प बसून मांजराकडे एकटक बघतोय हे शहाणपण समजू नका. अशा घरात मांजराला उंच फळ्या आणि कुत्रा जाऊच शकत नाही अशी एक खोली हवी, लिटर बॉक्स आणि पाणी तिथेच, आणि घरी कुणी नसताना मधलं दार बंद, कायम.

हे सगळं शेअर्ड घरात एका माणसाच्या विसरण्याने कोसळतं. आत कोण आहे याची पाटी दारावर हवी, दार कोण उघडणार हे ठरलेलं हवं, भांडण झालं तर आधी काय काय घडलं हे एकाच वहीत सगळ्यांनी लिहावं आणि होता होईल तो व्हिडिओ असावा, व्हेटला त्यातून जेवढं कळतं तेवढं आपल्या आठवणीतून कळत नाही. खर्च कुणाचा हेही शांत असतानाच बोलून घ्या. आणि एवढं करूनही एखादा प्राणी दिवसभर पलंगाखालून बाहेर येत नसेल, किंवा चावे दरवेळी जास्त खोल होत असतील, तर दोघांपैकी एकाला दुसरं घर शोधणं यात त्या प्राण्याचा विश्वासघात नाही, फक्त नव्या घराला चाव्यांचा सगळा इतिहास, व्हेटच्या कागदांसकट, आधीच द्यायचा.