दूधपोळीवरची मांजर आणि टॉरिन

पेठांतल्या शाकाहारी वाड्यांत मांजरं पिढ्यान्‌पिढ्या दूधपोळीवर धडधाकट जगली, असं पुण्यात आजही ठणकावून सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. माळ्यावर उंदीर होते, भिंतीवर पाली होत्या. मांजरीचं खरं जेवण तिथे व्हायचं, दूधपोळी वरकड. मांजरीच्या डोळ्यांना आणि हृदयाला लागणारं टॉरिन हे अमिनो आम्लासारखं द्रव्य गाईच्या दुधात नावालाच असतं, पोळीभातात तर नाहीच. कोथरूडला सहाव्या मजल्यावर, जाळी लावलेल्या बाल्कनीत बसणाऱ्या मांजरीला शिकार कुठली मिळायला?

टॉरिन सापडलं १८२७ मध्ये. टीडेमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी ते बैलाच्या पित्तातून वेगळं काढलं. पुढे जवळजवळ दीडशे वर्षं आहाराच्या संदर्भात त्याला कुणी फारसं विचारलं नाही. १९७५ मध्ये अमेरिकेत हेज आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की प्रथिन म्हणून फक्त केसिन दिलेल्या मांजरांच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि त्याचं कारण टॉरिनची कमतरता. केसिन म्हणजे दुधातलंच प्रथिन. दूधपोळीवाल्यांनी नोंद घ्यावी.

माणूस किंवा कुत्रा गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून टॉरिन शरीरातच बनवतो. मांजरीत त्यासाठी लागणारी विकरं (एन्झाइम) फार मंद चालतात. शिवाय तिच्या पित्ताला टॉरिनच लागतं. आपलं ग्लायसिन या दुसऱ्या अमिनो आम्लावरही भागतं, तिचं भागत नाही. त्यामुळे तिच्यासमोर रोज कुत्र्याचं खाणं ठेवणंही धोक्याचं.

खरा धक्का १९८७ चा. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात पॉल पायन आणि सहकाऱ्यांना हृदय फुगून दुबळं झालेल्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी आढळलं. ही मांजरं बाजारातलं तयार कॅटफूडच खात होती! टॉरिन दिल्यावर हृदयं सुधारली. डोळ्यांचं गेलेलं मात्र परत येत नाही. त्यानंतर कंपन्यांनी प्रमाण वाढवलं. अमेरिकी निकषांत आज कोरड्या खाद्यात किमान ०.१ टक्का आणि डबाबंद खाद्यात ०.२ टक्के टॉरिन लागतं, कारण डबाबंद खाद्य खाल्ल्यावर आतड्यातले जिवाणू ते जास्त फस्त करतात.

माणसाच्या बाबतीत एवढं नाट्य नाही. शाकाहाऱ्यांच्या शरीरात ते थोडं कमी असतं, पण त्यानं आजार होत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ते पुरेसं बनवता येत नाही, म्हणून १९८० च्या दशकापासून डब्याच्या दुधात घालू लागले. रेड बुलसारख्या एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलीच्या कॅनमध्ये १००० मिलिग्रॅम असतं, ते कारखान्यात बनवलेलं, बैलाचं नव्हे. वयानुसार टॉरिन घटतं आणि ते दिलेले उंदीर जास्त जगतात, अशी बातमी २०२३ मध्ये गाजली. २०२५ मध्ये दुसऱ्या अभ्यासात वयानुसार ते घटतंच असं नाही, असं दिसलं.

घरी मांजरीसाठी चिकन उकडणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: टॉरिन पाण्यात विरघळतं. पाणी घरच्यांच्या सुपाला आणि चोथा मांजरीला, अशी वाटणी करू नये.